चावलेला पावटा

आमचे घरमालक भाडेकरू ठेवण्याआधी त्याची तूरडाळ चावून बघत. हे मी गमतीनं सांगत नाही. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी वरच्या दोन खोल्या बघायला गेलो, तेव्हा नाव, गाव, नोकरी, कोण कुठले याची उत्तरं आम्ही नवराबायकोनं वाटेत पाठ केली होती. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. "घरातली मूठभर तूरडाळ घिऊन या उद्या," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. म्हाताऱ्यांनी त्यातली एक डाळ उचलली, पुढच्या दातांत धरली, कट्ट असा आवाज झाला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कोरडी हाय," ते म्हणाले. "कोरड्या घरातली माणसं दिसतायसा. ऱ्हावा."

अट एकच घातली, मटण-अंडं घरात शिजवायचं नाही. ते लिंगायत, मूळचे निपाणीकडचे, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग. त्यांच्या घरात ही अट असणार हे आम्हाला ठाऊक होतं, तरी कोल्हापुरात राहून ती कानांनी ऐकायची म्हणजे पुरुषमाणसाला जड जातं. आमच्या ह्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. पण खोल्या हवेशीर होत्या, बालवाडी पलीकडच्या गल्लीत होती, माझी कचेरी चालत जाण्याजोगी होती. त्यांनी मान हलवली आणि पुढची सगळी वर्षं दर रविवारी उचगावला माझ्या थोरल्या दिरांकडं जाऊन तांबड्या रश्श्याची हौस भागवली.

आमची पिंकी तेव्हा चार वर्षांची होती. तिनं आल्या दिवशीच घरमालकांना अज्जा आणि त्यांच्या बायकोला अव्वा म्हणायला सुरुवात केली, कारण त्यांची नातवंडं सुट्टीला आली की तसंच म्हणत. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. अज्जा मला तंगी म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आमच्या ह्यांना मात्र अखेरपर्यंत पावणं. भाडेकरू कितीही जुना झाला तरी पावणाच, असं त्यांचं मत होतं.

अज्जांचा सारा जन्म लक्ष्मीपुरीत धान्याच्या व्यापारात गेला होता. दुकान आता मुलाच्या हाती होतं, पण दुकानातून बाहेर पडलेल्या अज्जांमधून दुकान काही बाहेर पडलं नव्हतं. बोलायचे मराठीत, भांडायचे मराठीत, पण काही मोजायचं झालं की कानडीत. जिन्याच्या पायऱ्यासुद्धा वंदु, येरडु करत चढायचे. लोक खिशाला पेन लावतात तशी त्यांच्या कोटाच्या खिशात एक टोकदार लोखंडी नळी असायची. पोतं न उसवता आत खुपसायची, बाहेर ओढली की पोत्याच्या पोटातलं मूठभर धान्य नमुन्याला येतं. ती नळी घेऊन ते लग्नालाही जात. एका लग्नात त्यांनी भटारखान्यातल्या तांदळाच्या पोत्याला ती लावली आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, ते बरोबर निघालं, असं अव्वा सांगत. अव्वांना त्याचा अभिमान होता की लाज वाटायची हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दातांचं तर विचारूच नका. पुढचे चार उरले होते, दोन वर, दोन खाली, बरोबर समोरासमोर. दाताच्या डॉक्टरांनी चारही काढून कवळी बसवू म्हटल्यावर ते खुर्चीतून उठूनच आले. "चालत्या दुकानातला काटा कोन बदलतंय व्हय?" म्हणाले. दात खोटं बोलत न्हाय, हे त्यांचं आवडतं वाक्य. माणसाच्या बोलण्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

आणि त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे ओल. ते वल म्हणायचे. आपण सगळे काही उगवलं की खूश होतो. अज्जा उगवलं की कपाळाला हात लावायचे. पोत्याच्या तळाला पाणी लागलं, एक दाणा फुगला, त्याला मोड आला, की शेजारच्यालाही येतो, आणि बघता बघता सगळं पोतं आतून गरम होऊन नासतं. "उगावलं की गेलं," असं ते एखाद्या आजाराबद्दल सांगावं तसं सांगायचे. सकाळची पूजा आटोपली की नाक पुढं करून जिना चढत आणि आमच्या खोल्या हुंगून जात. कपडे पिळले का नीट, फरशी पुसलेलं फडकं कुठं वाळत घातलंय, मोरीशी कुणी पाणी सांडलंय का. छत्री जिन्याच्या खालीच मिटवायची. मी न्हाऊन केस मोकळे सोडले तरी दारातून विचारायचे, "तंगी, कुठं वल हाय गं?"

त्याला कारण होतं. खाली त्यांच्या पूजेच्या खोलीत मागच्या भिंतीवर ओलीचा डाग होता. ते त्याच्यासमोर बसून हातावर लिंग घेऊन पूजा करायचे आणि एक डोळा डागावर असायचा. हा डाग वरून, भाडेकरूंकडून येतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. आमच्या आधी तिथं एक मास्तर राहत होते, त्यांना मनीप्लँटच्या बाटलीवरून खोल्या सोडाव्या लागल्या. मग पोस्टातले एक गृहस्थ, ते दोनदा अंघोळ करायचे. त्यानंतर हुपरीचं चांदीकाम करणारं जोडपं आलं, त्यांना पैंजणं धुवायला पाणी लागायचं. तिघंही गेले, भिंतीला चुना लागला, आणि डाग परत आला. मधले काही महिने वर कुणीच राहत नव्हतं तेव्हाही तो वाढतच होता, याकडं अव्वा त्यांचं लक्ष वेधायच्या. "मुरल्यालं पानी हाय, खाली उतराय येळ लागतोय," असं त्यावर अज्जांचं उत्तर होतं.

आम्ही आलो तेव्हा डाग भाकरीएवढा होता. तो सुपाएवढा झाला की आमची पाळी, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. म्हणून मी त्या घरात फडकी पिळून पिळून मनगटं दुखवून घेतली. घर सोडणं मला परवडणारं नव्हतं. मी कचेरीत असताना पिंकीला अव्वा सांभाळायच्या, जेवू घालायच्या, कुशीत घेऊन झोपवायच्या. असं माणूस खोलीबरोबर मिळत नाही. खोल्या गेल्या की अव्वा जाणार होत्या आणि अव्वा गेल्या की माझी नोकरी. हे मी रोज जिना उतरताना स्वतःला बजावत असे.

भिंतीची पलीकडची बाजू मात्र कुणी बघितली नव्हती. आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एक बोळ होता. मांजर सरळ जाईल, पोर आडवं होऊन जाईल आणि अज्जांच्या पोटाच्या माणसानं तोंडाशी उभं राहून नुसतं डोकवावं, एवढाच रुंद. घराची तेवढी एक बाजू त्यांनी कित्येक वर्षांत हुंगली नव्हती.

अशा या घरात बालवाडीच्या बाईंनी पिंकीबरोबर तीन पावटे पाठवले.

दिवाळी होऊन गेली होती. बाई नव्या होत्या आणि उत्साही होत्या. पोरांनी घरी बी रुजवायचं आणि संक्रांतीच्या आधी आपापलं रोप आणून बालवाडीत मांडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. फाटकाशी आम्हा आयांना उभं करून त्यांनी सगळं समजावलं. पावटे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी ओल्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधा, मोड दिसला की काचेच्या पेल्यात कडेनं ओला कापूस लावून त्यात उभे करा, म्हणजे मूळ खाली जाताना आणि कोंब वर येताना पोराला दिसतो. मग डब्यात माती घालून लावा. सगळं पोराच्या हातानं करू द्या. आणि एकदा मातीत घातलं की उकरून बघायचं नाही, हे मात्र पोराला सांगा. बाकीच्या आया माना डोलवत होत्या. माझ्या डोळ्यांपुढं भाकरीएवढा डाग होता.

पिंकीला कोण आनंद झाला. वाटीत पावटे टाकून ती त्यांच्यासमोर पोटावर झोपली. सकाळी पुरचुंडी बांधली, ती मी खिडकीच्या गजाला आतून टांगली, वर पडदा ओढला आणि कचेरीत गेले. खोलीची किल्ली अव्वांकडं असायची. संध्याकाळी आले तर अज्जा जिन्यात उभे, चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान.

"तंगी, तुजं पावटं भिजलंवतं की गं. नाकाला लागलं म्हनून बरं. गच्चीवर पसारल्यात. आजून एक ऊन दिलं की कडक हुतील."

गच्चीवर पिंकी वाळलेल्या पावट्यांसमोर बसून हुंदके देत होती. मेले, मेले, एवढंच म्हणत होती.

"मेलं कुठं?" अज्जा गोंधळले. "वाचीवलं की म्या."

"अज्जा, ते उगवायला ठेवले होते," मी म्हणाले.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"कोन शिकिवतंय ह्ये?"

"बालवाडीत."

अज्जा पायरीवर बसले. "म्हंजी बारक्या पोरास्नी माल नासाय शिकिवत्यात," ते स्वतःशीच म्हणाले.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या घरात कधी मटकीची उसळ होत नव्हती का? दर सोमवारी होत होती, आणि अव्वांच्या मटकीला येतील तसे लांब मोड मी कुणाकडं बघितले नाहीत. हे मीही त्यांना विचारलं. "त्ये निराळं, त्ये शिजतंय," ते म्हणाले. शिजणाऱ्या मोडाला त्यांची हरकत नव्हती. नुसतंच उगवायचं आणि पुढं काहीच करायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

तरी पिंकीचे डोळे बघून त्यांनी शब्द दिला, "आता तुज्या पावट्याला म्या हात लावनार न्हाय." आम्ही पावटे परत भिजवले. कापूस, पेला यांत वेळ घालवायची माझी छाती नव्हती, म्हणून तुपाच्या रिकाम्या डब्यात माती घालून पिंकीनं ते थेट लावले आणि डबा गच्चीत मागच्या कठड्याशी ठेवला, खाली परात घालून. उकरून बघायचं नाही म्हणून ती डब्यासमोर हात मांड्यांखाली दाबून बसायची. इतक्या लहान मुलीचा तेवढा संयम बघून मला भरून यायचं.

अज्जांनी शब्द पाळला. हात लावला नाही. नळी लावली.

रोज सकाळी आम्ही आवराआवरीत असताना ते गच्चीवर जायचे, डब्यात नळी खुपसायचे, बाहेर ओढायचे, मातीसकट आलेला पावटा कोटाला पुसायचे, हुंगायचे, चावून बघायचे आणि परत पुरायचे. पोत्याला रोज नळी लावतात तशी डब्याला, त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. एक दिवस पिंकी लवकर उठली आणि वर गेली.

"आई, अज्जांनी माझा पावटा खाल्ला."

"खाल्ला न्हाय गं, चावून बगिटला," मागून अज्जा. "दोन तर कुसल्यात. ह्यो येकच कडक हाय, दगडागत. ह्योच ठीव."

तो खरंच कडक होता. मटकी निवडताना असा दाणा सापडतो, भिजत नाही की शिजत नाही, त्याला आम्ही कुचर म्हणतो. इतके दिवस ओल्या मातीत राहूनही त्याची साल तशीच चकचकीत होती. फक्त कडेला अज्जांच्या दातांची खाच पडली होती.

"उष्टा केला तुम्ही," पिंकी म्हणाली.

"दाताला थुकी नसती, बाळ."

पिंकीला ते पटलं नाही. उष्टं खायचं नाही, उष्टं देवाला ठेवायचं नाही, हे तिला अव्वांनीच शिकवलं होतं. तिनं तो पावटा दोन बोटांत धरला आणि कठड्यावरून मागं बोळात भिरकावून दिला. मग खाली जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपली. अज्जा नळी पुसत उभे राहिले. चूक कुठं झाली हे त्यांना कळत नव्हतं, पण झाली एवढं कळलं होतं.

त्याच आठवड्यात डाग सुपाच्या बाहेर गेला.

अज्जा वर आले, काही हुंगलं नाही, नुसते बसले. "पावणं," आमच्या ह्यांना म्हणाले, "पाऊस जाऊन म्हयना झाला. तरी भिताड पानी पितंय. माजा तुमच्यावर राग न्हाय. पोरीवर तर न्हायच न्हाय. पर वल ती वल. संक्रांत करा हितं, आनि मग बगा कुठंतरी."

"अहो अज्जा, एक डबाभर माती होती," आमचे हे म्हणाले.

"डबाभर वल बी वलच की."

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. आम्ही खोल्या शोधायला लागलो. पलीकडच्या एका पेठेत एका बाईंनी विचारलं, आधीची जागा का सोडताय? पावट्यामुळं, असं कसं सांगणार. आमच्या ह्यांनी, उद्यमनगरातल्या आपल्या फौंड्रीजवळ जागा हवी, असं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, उद्यमनगर तर तिकडनंच जवळ आहे. खाली अव्वा दिवसभर पिंकीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि अज्जांशी बोलायच्या नाहीत. अज्जा जेवताना आमटीत मीठ नाही म्हणाले, तर त्यांनी मिठाची बरणीच समोर ठेवली.

मग एका रविवारी पिंकीचा चेंडू बोळात गेला. तो आणायला ती आडवी होऊन आत शिरली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. हाका मारल्यावर आतूनच ओरडली, "आई, माझा उष्टा पावटा भिंतीला आलाय."

मी डोकावले तर काही दिसेना. आमचे हे अंगानं काडी, ते कुशीवर होऊन आत सरकले. भिंतीतून एक वीट थोडी बाहेर आलेली होती, तिच्यावर वर्षानुवर्षांची धूळ आणि पाला साचून माती झाली होती, आणि त्या मातीतून हिरवा देठ वर आला होता. देठावर पावट्याच्या दोन्ही डाळी उघडल्या होत्या आणि दोन्हींच्या कडेला एकेक खाच होती. सालीला दात लागला तिथून आत पाणी शिरलं आणि त्या कुचर दाण्याचं मन पालटलं. पाणी येत होतं विटेच्या वर भिंतीवरून गेलेल्या नळाच्या सांध्यातून, थेंब थेंब, विटेवर आणि तिथून भिंतीत. आमचे हे फौंड्रीतले, पायपाची वाट त्यांनी नजरेनं धरली. आमचं पाणी पुढच्या बाजूनं, गच्चीवरच्या टाकीतून येई. हा नळ अज्जांच्या न्हाणीला जात होता. ते बाहेर आले तेव्हा सदरा चुन्यानं भरला होता आणि चेहऱ्यावर, लग्नानंतर मी प्रथमच बघत होते, असं हसू होतं.

"पाणी आपलं नाही," ते म्हणाले.

अज्जांना बोलावलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "पाईप माजी हाय. ती कशी गळंल?" म्हणाले. मग स्वतः बघतो म्हणून कोट काढून ठेवला, धोतर खोचलं आणि कुशीवर होऊन बोळात शिरले. निम्म्यात अडकले. पुढं जाता येईना, मागं येता येईना. अव्वा त्या आठवड्यात पहिल्यांदाच बोलल्या. "दम सोडा. प्वाट आत घ्या. आनि खावा उसळ सोमवारी." अज्जांनी दम सोडला, पोट भिंतीला घासत थोडं सरकलं, आणि नाक विटेपर्यंत पोचलं.

त्यांनी हुंगलं. मग त्यांनी नखानं भिंतीचा एक पोपडा खरवडला आणि पुढच्या दातांत धरला. कट्ट असा आवाज यायची मी वाट बघत होते. आवाज आला नाही.

नंतर त्यांनी मान खाली घालून त्या रोपाकडं बघितलं.

"ह्यो माजा दात हाय," आतून आवाज आला. आणि थोड्या वेळानं, "वल माजी हाय."

त्यांना आमच्या ह्यांनी एका हाताला आणि अव्वांनी धोतराला धरून बाहेर ओढलं. कपाळावरची विभूती पुसली गेली होती आणि तिथं चुना लागला होता. त्यांनी अंगही झटकलं नाही. "पावणं," एवढंच म्हणाले, "ऱ्हावा." मी पदरात तोंड घालून रडले, आणि मला रडताना बघून पिंकीही कारण न कळता रडायला लागली.

अव्वा मात्र सोडणाऱ्या नव्हत्या. "तीन बिऱ्हाडं उठिवलीसा तुमी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अज्जा टोपी घालून बाहेर पडले. मास्तरांकडं गेले ते मनीप्लँटची नवी बाटली घेऊन, ती वाटेत त्यांच्या धोतरावर सांडली. पोस्टातल्या गृहस्थांना घरी गाठलं. मग एसटीनं हुपरीला गेले आणि त्या जोडप्याचं घर विचारत विचारत शोधून काढलं. प्रत्येक दारात उभं राहून एकच वाक्य म्हणाले, "वल माजी हुती." हुपरीकरांनी चहा दिला. त्यांच्या तांदळाचा दाणा चावून तो चांगला असल्याचं सांगून ते परत आले.

नळवाला आला तो पाना घेऊन. अज्जा बोळाच्या तोंडाशी आडवे उभे राहिले.

"थांब. शेंगा भरूस्तवर पाना लावायचा न्हाय."

"अज्जा, भिताड जाईल की ओ."

"भिताड माजं हाय. तुज्या बाचं हाय व्हय?"

नळवाला गेला. डाग वाढत गेला. अज्जांनी पूजेचा पाट पुढच्या सोप्यात आणून ठेवला आणि रोज सकाळी बोळात नाक घालून, थेंब पडतोय ना, याची खात्री करून घेऊ लागले. वेल चढायला लागला तेव्हा त्याला आधार हवा होता. त्यांनी खिशातली नळी काढली आणि पिंकीला आत पाठवून विटेशी रोवून घेतली.

रोप उचलून बालवाडीत न्यायची सोय नव्हती, म्हणून बाईच पोरांना घेऊन आल्या. पोरं एका बाजूनं कुशीवर होऊन आत गेली, वेल बघून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली. बाई अंगानं भरलेल्या, त्या तोंडाशीच राहिल्या. अज्जा तिथं द्वारपालासारखे उभे होते. "आदी हुंगा, मग बगा," असं प्रत्येकाला सांगत होते. एका पोरानं विचारलं, हा कुणी चावला? "म्या," अज्जा छाती काढून म्हणाले. त्याचा परिणाम असा झाला की गल्लीतल्या पोरांनी घरी जाऊन आपापले पावटे चावले, आणि दोन आया भांडायला आल्या.

त्या उन्हाळ्याच्या आत अज्जांनी घराचं रूप पालटून टाकलं. दुपारी गल्लीतली पोरं त्यांच्या गच्चीवर असायची. धणे अख्खे पेरले तर नीट उगवत नाहीत, ते रगडून दोन करावे लागतात, म्हणून अज्जांनी आपली कोल्हापुरी चप्पल काढून पोरांना आळीपाळीनं दिली, आणि धण्याच्या वासानं सगळी गल्ली दरवळली. नारळाच्या करवंट्यांत मेथी लावली. बशीत पाणी घालून लसणीच्या पाकळ्या उभ्या केल्या. अळीव पेरायला ओलं तरट हवं होतं. अज्जांनी दुकानातून एक जुनं पोतं आणवलं, गच्चीवर अंथरलं, हातात तांब्या घेतला आणि तसेच उभे राहिले. सारा जन्म ज्या पोत्यावर शिंतोडा उडू दिला नाही त्याच्यावर पाणी ओतायचं होतं. शेवटी डोळे मिटून ओतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोतं हिरवंगार झालं त्या दिवशी ते अव्वांना हाताला धरून वर घेऊन आले, आणि अव्वांचे गुडघे दुखत होते तरी त्या आल्या.

उकरून बघायचा मोह त्यांना पोरांपेक्षा जास्त व्हायचा. तेव्हा ते पिंकीशेजारी बसायचे, तिच्यासारखेच हात मांड्यांखाली दाबून.

बोळातल्या शेंगा भरल्या, वाळल्या. अव्वा त्यांची आमटी करू म्हणाल्या तर अज्जांनी ऐकलं नाही, सगळं बियाणं राखलं. मग नळवाल्याला बोलावलं. भिंत त्या उन्हाळ्यात ठणठणीत वाळली. तिला चुना लावल्यावर अज्जा पूजेला बसले आणि उगीचच हुंगून बघायला लागले, तेव्हा मला त्यांचा चेहरा जरासा ओशाळल्यासारखा दिसला.

आम्ही त्या घरात पुढं बरीच वर्षं राहिलो. उचगावला दिरांच्या शेजारी आमचं स्वतःचं घर बांधून झालं तेव्हा नवं शतक सुरू झालं होतं आणि पिंकी हायस्कुलात होती. निघताना अज्जांनी तिच्या हातात कागदाची पुडी ठेवली. तोवर त्यांचे दोनच दात उरले होते, एक वर, एक खाली, आणि तेही समोरासमोर नव्हते.

"सगळं चावून बगिटल्यात," ते म्हणाले. "कडक हायत. घाल पुरून."

पुडी उघडून बघितली तर प्रत्येक पावट्याला तिरकी खाच होती. दोन न जुळणाऱ्या दातांनी एवढे पावटे चावायला त्यांना किती दुपारी लागल्या असतील, हे माझ्या मनात आलं आणि मी पुडी पहिल्यासारखी घट्ट बांधली. नव्या घराच्या कुंपणाशी आम्ही ते लावले आणि एकूणएक उगवले.

अज्जा गेले. आता आमच्याकडं बी आमच्याच वेलाचं असतं, त्याला खाच नसते. अज्जा गेले त्या वर्षी पिंकी कॉलेजातून आली, मातीत बसली आणि लावायच्या आधी एकेक पावटा तोंडात घालून कटाकट चावायला लागली. मी ओट्यावरून ओरडले, "पिंके, अगं उष्टं करू नकोस ते."

तिनं वरही बघितलं नाही.

"दाताला थुंकी नसते, आई," ती म्हणाली, आणि पुढचा पावटा उचलला.